ये रे माझ्या मागल्या

मराठी घरात महत्त्वाचे कागद ठेवायची एक पिशवी असते. बहुधा सराफाची, नाहीतर कुणाच्या तरी बस्त्यातून उरलेली. तिच्यात रेशन कार्ड असतं, गॅसचं पुस्तक असतं, एलआयसीच्या पॉलिसी असतात, मिक्सरचं वॉरंटी कार्ड असतं (मिक्सर केव्हाच भंगारात गेला, कार्ड शाबूत आहे). शतक बदलल्यानंतरच्या आठ-दहा वर्षांत ज्यांनी कंपनीचा कॉम्प्युटर घेतला, त्यांच्या पिशवीत एक रिस्टोअर सीडीही असते. असावी. निदान तिथेच ठेवली होती, याबद्दल घरात एकमत असतं.

ही सीडी कागदी पाकिटात यायची. पाकिटाच्या तोंडाला चिकटपट्टी आणि तिच्यावर बारीक अक्षरांत तंबी, की ही फाडलीत म्हणजे आमच्या अटी तुम्हाला मान्य आहेत. अटी पाकिटाच्या आत. त्यामुळे पापभीरू माणसं ते पाकीट फोडतच नसत. कॉम्प्युटर म्हातारा होऊन मरे, पण सीडी अखेरपर्यंत कोरी करकरीत.

विंडोजची सीडी वेगळी आणि ही वेगळी, हे दुकानदार कधी समजावून सांगत नसे. विंडोजच्या सीडीला चौकशा फार. नाव काय, देश कोणता, वेळ कुठली धरू? एक्सपी तर काही न विचारता आधी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचीच वेळ धरून बसे. चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली ही ओळ यादीत बरंच खाली जाऊन शोधावी लागे. शिवाय ‘आता सुमारे ३९ मिनिटं लागतील’ असं ती ठामपणे सांगे. मशीन नवं असो की धापा टाकणारं, आकडा ३९चाच. रिस्टोअर सीडी मात्र मितभाषी. कारखान्यातून निघाली त्या दिवशी हार्ड डिस्क जशी होती, तिचा हुबेहूब ठसा या सीडीत असे. तो ती जसाच्या तसा परत उमटवायची. मधल्या काळात तुम्ही जे काही केलंत, त्यात तिला रस नव्हता.

सीडीवर असंही छापलेलं असे की ही फक्त याच कंपनीच्या कॉम्प्युटरसाठी. ही पोकळ बतावणी नव्हे. मोठ्या कंपन्या मदरबोर्डवरच्या बायॉसमध्ये आपली एक खूण लिहून ठेवत. एक्सपीला ती खूण दिसली की ती गपगुमान चालू होई, ॲक्टिव्हेशन मागत नसे. खूण दिसली नाही तर मात्र कॉम्प्युटरच्या पाठीवरच्या स्टिकरवरची पंचवीस अक्षरी की टाका, आणि नेट नसेल तर फोन लावून ५४ आकडे वाचून दाखवा. मग पलीकडून ४२ आकडे सांगतील ते लिहून घ्या. ती की बनवणाऱ्यांनी स्वर गाळले होते, शून्य गाळलं होतं, एक आणि पाच गाळले होते, का तर वाचताना घोटाळा नको. बी आणि आठ मात्र दोन्ही ठेवले. लॅपटॉपचं स्टिकर तर बुडाला असे. मांडीला घासून घासून दोन वर्षांत त्यावर ना बी राही ना आठ.

याउलट लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून मशीन उभं करणारा हार्डवेअरवाला. त्याच्या पाऊचमध्ये स्केचपेनने ‘एक्सपी एसपी २’ लिहिलेली एक सीडी असे. ती कुठल्याही मशीनवर चाले, जातपात मानत नसे. पंचवीस अक्षरी की त्याला तोंडपाठ. कंपनीची सीडी पुढे केली तर तो ती दोन बोटांत धरून बघे आणि म्हणे, “ही ठेवा तुमच्याकडे.”

पुढे कंपन्यांना सीडीचेसुद्धा पैसे जड झाले. मग त्यांनी तो कारखान्याचा ठसा हार्ड डिस्कच्याच एका कोपऱ्यात लपवून ठेवायला सुरुवात केली. हार्ड डिस्क बिघडली तर काय, याचं उत्तर हार्ड डिस्कमध्येच. विहिरीत पडलेल्याला वर काढायचा दोर विहिरीच्या तळाशी गुंडाळून ठेवावा तसं. म्हणून पहिल्याच दिवशी पडद्यावर विनंती येई की कृपया कोऱ्या डिस्क आणून तुमचा रिस्टोअर संच आत्ताच बनवून ठेवा. काही कंपन्यांचा संच एकदाच बनवता येई, दुसऱ्यांदा मागितला तर नकार. पण पहिल्या दिवशी हे करतो कोण? पहिल्या दिवशी कॅबिनेटवर कुंकवाचं स्वस्तिक निघतं, पेढे वाटले जातात, आणि समोर बसलेला मुलगा ‘नंतर आठवण करा’वर क्लिक करून गेम शोधायला लागतो.

२००७ साली आसूसने ईई पीसी नावाचा चिमुकला लॅपटॉप काढला. हलका, स्वस्त, आणि जागा वाचावी म्हणून सीडी ड्राइव्हच नसलेला. खोक्यात त्याच्यासोबत एक डीव्हीडी मात्र होती. ज्या कुणी ही डीव्हीडी खोक्यात ठेवायचं ठरवलं, त्याला मला एकदा भेटायचं आहे. रागावायला नव्हे. नुसतं बघायला.

आता तर सगळंच गेलं. २०१२च्या विंडोज ८पासून की मदरबोर्डवरच्या चिपमध्ये जाऊन बसली, पाठीवरचं स्टिकर नुसतं शोभेचं झालं. २०२०पासून विंडोज स्वतःला थेट इंटरनेटवरून उतरवून घेऊ शकते. पिशवीत ठेवण्यासारखं काही उरलं नाही.

पण त्या काळात ‘फॉरमॅट मार’ हा घराघरांत ठरलेला उपाय होता. मशीन हँग होतंय? फॉरमॅट मार. माऊस चालत नाही? फॉरमॅट मार. नंतर कळायचं की माऊसचा बॉल काढून पुसायचा राहिला होता. आजार कोणताही असो, औषध एकच, आणि ते सांगायला कुठलीही पदवी लागत नसे. नात्यातल्या ज्या मुलाने एमएस-सीआयटीचा कोर्स केलेला असे, त्याच्याकडे हे काम आपसूक येई. आमच्या नात्यात ते माझ्याकडे आलं.

मामा डोंबिवलीत राहतात. बँकेतून निवृत्त, सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांनी २००३ साली कॉम्प्युटर घेतला तो ब्रँडेड. मी असेंबल्ड सुचवला होता, निम्म्या किमतीत झाला असता.

“जुळवलेलं आपल्याला नको,” मामा म्हणाले होते.

“लग्न चाललं ते,” मामी आतून म्हणाल्या.

तीन वर्षांनी मशीन इतकं संथ झालं की मामा ते चालू करून आंघोळीला जात आणि पूजा आटोपून येत तेव्हा कुठे डेस्कटॉप दिसायला लागे. एका शनिवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला.

“अरे, कंपनीत विचारलं मी. ते म्हणतात सोबतची सीडी टाका, पहिल्यासारखा होईल. टाकू?”

“मामा, डेटा काढून घेतलात का?”

“डेटा म्हणजे?”

“तुमच्या फायली. मिनिट्स, फोटो, सगळं.”

“ते सगळं डेस्कटॉपवर आहे. आतलं पुसलं तर बाहेरचं कशाला जाईल?”

हा गैरसमज फक्त मामांचा नव्हता. आयुष्यभर टेबलावर कागद ठेवून काम केलेल्या एका अख्ख्या पिढीला डेस्कटॉप म्हणजे टेबल वाटलं, आणि टेबल काही कपाटाच्या आत नसतं. प्रत्यक्षात ते सी ड्राइव्हच्या पोटातलं एक फोल्डर. कपाट जळालं की टेबलही जळालं. हुशार लोक सगळं डी ड्राइव्हमध्ये ठेवत आणि निर्धास्त राहत. काही रिस्टोअर सीड्या तेवढं सी पुसून थांबत, काही अख्खी हार्ड डिस्क सपाट करत. नेमकं काय होणार ते पडद्यावर लिहिलेलं असे, इंग्रजीत, आणि त्याच्याखाली ‘यस’चं बटण असे.

मामांकडून सगळं पेन ड्राइव्हवर काढून घेतलं. सोसायटीच्या सभांचे वृत्तांत, पाण्याच्या टाकीवरून झालेला पत्रव्यवहार, मामींच्या पाककृती, मामेबहिणीचा स्थळांसाठीचा बायोडाटा, आणि ‘न्यू फोल्डर’, ‘न्यू फोल्डर २’ असे करत करत गेलेले कितीतरी फोल्डर. त्यांत काय आहे हे मामांना माहीत नव्हतं, पण एकही सोडू देईनात.

मग सीडी. मामांनी हयातभर नियमाने काम केलेलं. अक्षर न अक्षर वाचल्याशिवाय ते कुठेही सही करत नाहीत. त्यांनी फोन कानाला लावून पडदा वाचायला सुरुवात केली.

“म्हणतोय, सगळा डेटा नष्ट होईल. यस करू?”

“करा.”

“परत विचारतोय, खात्री आहे का?”

“आहे म्हणा.”

“अरे, तिसऱ्यांदा विचारतोय! लॉकर फोडायचा असला तरी आम्ही दोनच सह्या घ्यायचो.”

तिसरी सही झाली आणि पट्टी पुढे सरकू लागली. त्या पट्टीच्या वर कंपनीने आपली चित्रं लावली होती. पांढरे शुभ्र दात असलेलं एक परदेशी कुटुंब कॉम्प्युटरकडे बघून हसत होतं. मामींना त्यांच्या हसण्याचं कारण कळलं नाही. तेहतीस टक्क्यांवर पडद्याने दुसरी सीडी मागितली.

दुसरी सीडी पाकिटात नव्हती. तिसरी होती. जुनं सगळं पुसलं गेलं होतं, नवीन एक तृतीयांश आलं होतं, आणि मशीन कॅन्सलचं बटणही देत नव्हतं. मामांनी पिशवी पलंगावर पालथी केली. मिक्सरचं कार्ड निघालं. १९८० साली काढलेल्या टेलिफोन डिपॉझिटची पावती निघाली, तिच्या आनंदात काही मिनिटं गेली. सीडी नाही.

“ती चकचकीत?” मामींनी विचारलं. “ती गॅलरीत आहे. कबुतरांसाठी.”

“कबुतरांसाठी?”

“लावून बघितली होती मी. गाणी नव्हती त्यात.”

कंपनीची लायसन्स असलेली ओरिजिनल सीडी पावसाळा आणि उन्हाळा काढून दोरीला लटकत होती, आणि कबुतरांनी तिच्यावर आपले अभिप्राय नोंदवले होते. मामांनी ती साबणाने धुतली, चष्म्याच्या फडक्याने पुसली, देवाचं नाव घेऊन ड्राइव्हमध्ये सरकवली. ड्राइव्हने बराच वेळ घरघर केली. चौपन्न टक्क्यांना पट्टी अडली, आणि आम्ही दोघेही फोनवर काही न बोलता बसलो. एसटीडीचं बिल पडत होतं, पण फोन ठेवावा असं कुणालाच वाटेना. मग पंचावन्न झाले. सीडीत गाणी नसली तरी बाकी सगळं होतं.

रात्री उशिरा मशीन चालू झालं, आणि मामांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: “हे कुणाचं शेत?”

ते शेत म्हणजे एक्सपीच्या डेस्कटॉपवर मुळातच असणारं चित्र, कॅलिफोर्नियातल्या सोनोमा परगण्यातलं. चार्ल्स ओ’रिअर नावाच्या छायाचित्रकाराने १९९६ साली गाडी थांबवून हा हिरवा डोंगर टिपला. तिथे द्राक्षबागा असायच्या. मुळांवरच्या किडीमुळे वेली उपटून टाकाव्या लागल्या होत्या आणि मोकळ्या जमिनीवर गवत उगवलं होतं. म्हणजे ज्या प्रसन्न चित्राकडे बघत जगभर लोकांनी फॉरमॅट मारून सुटकेचा निःश्वास टाकला, ते मुळात एका बुडालेल्या पिकाचं चित्र. नाशिकचा बागायतदार ते बघून निःश्वास टाकेल, पण सुटकेचा नाही. मामांना यातलं काही नको होतं. त्यांना तिथे गजानन महाराज हवे होते.

“आणि ही बाकीची चित्रं कसली?”

बाकीची चित्रं म्हणजे कंपनीने आधीच भरून दिलेली सॉफ्टवेअरं. साठ दिवस चालणारं अँटिव्हायरस. एक तास खेळता येईल असा खेळ. फक्त अमेरिकेतच चालणारी इंटरनेटची डायलअप सेवा. फोटोंचा अल्बम बनवून देणारा आणि प्रत्येक फोटोवर स्वतःचं नाव छापणारा कार्यक्रम. कंपन्यांना असली पाहुणेमंडळी बसवण्याचे पैसे मिळतात, कॉम्प्युटरवरचा नफा तसा फारच थोडा.

“पण कंपनीवाला म्हणाला होता, पहिल्यासारखा होईल.”

“झालाय, मामा. त्यांच्या दृष्टीने हाच पहिला.”

अँटिव्हायरसने तेवढ्यात आपल्याला माहीत असलेल्या विषाणूंची यादी तीन वर्षं जुनी असल्याचं जाहीर केलं आणि ती ताजी करायला इंटरनेट मागितलं. आणि इथेच खरी गंमत आहे. एक्सपीच्या सुरुवातीच्या आवृत्तीत फायरवॉल होती, पण बंद ठेवलेली. ती आपोआप चालू झाली ऑगस्ट २००४मध्ये आलेल्या सर्व्हिस पॅक २पासून. त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट २००३मध्ये, ब्लास्टर नावाचा किडा जगभर पसरला. त्यावरची दुरुस्ती जुलैमध्येच आली होती, पण ती घेतली होती कुणी? रिस्टोअर केलेलं मशीन या सगळ्याच्या आधीच्या जगात जागं होतं. त्याला दुरुस्ती हवी असते, ती इंटरनेटवर असते, आणि असे किडे माणसाने काही क्लिक करायची वाट बघत नाहीत. तार जोडली की येतात. औषध आणायला बाहेर पडावं तर रोग दारातच.

मामांनी ब्रॉडबँडची तार जोडली. दुरुस्ती उतरायला लागली, आणि एक खिडकी उघडली: सिस्टीम बंद होत आहे, साठ सेकंद. एकोणसाठ. अठ्ठावन्न.

यावर उपाय होता. स्टार्टमध्ये रन उघडायचं आणि एक आज्ञा टाइप करायची.

“मामा, लिहा. शटडाउन.”

“अरे, तो तेच तर करतोय!”

“लिहा तरी. शटडाउन, मग स्पेस, मग डॅश.”

“डॅश म्हणजे वजाबाकीचं का?”

“हो. मग ए.”

“मोठा की छोटा?”

मशीन बंद पडलं. पुन्हा चालू केलं तेव्हा मामांनी आज्ञा आधीच पासबुकाच्या मागच्या पानावर लिहून ठेवली होती. पुढचे कित्येक दिवस नेटवर जाण्यापूर्वी ते ती वाचून घेत.

सगळ्यात कठीण प्रकरण मात्र मराठीचं. एक्सपीला मराठी येत होती, मंगल हा फॉन्टही तिच्यात होता, पण ती मागितल्याशिवाय देत नसे. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एका चौकोनात टिचकी मारावी लागे. क्लिष्ट लिप्या आणि उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषा, थायीसह, अशा काहीशा शब्दांत त्या चौकोनाचं नाव होतं. ज्ञानोबांपासून चालत आलेली आपली भाषा या सरकारी वर्गवारीत, थायी लोकांशेजारी, रांगेत उभी होती. तिथे टिचकी मारली की विंडोज आपली मूळ सीडी मागे. रिस्टोअर सीडी दाखवली तर ही नव्हे म्हणे. काही कंपन्या लागणाऱ्या फायली हार्ड डिस्कवरच ठेवत. मामांच्या कंपनीने तीही जागा एक तासाच्या खेळाला दिली असावी. शब्दांच्या जागी चौकोनच चौकोन.

बायोडाटाची तऱ्हा याहून निराळी. तो कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेतल्या मुलाने शिवाजी फॉन्टमध्ये टाइप करून दिला होता. फाइल पेन ड्राइव्हवर आली. फॉन्ट राहिला विंडोजच्या फोल्डरात आणि तिथेच कामी आला. असे जुने फॉन्ट रोमन अक्षरांच्याच पोटात मराठी चेहरे लपवत. फॉन्ट गेला की खालची रोमन अक्षरं उघडी पडत. रविवारी सकाळी मुलाकडचे यायचे होते, आणि मुलीच्या नावाच्या जागी एक कंस, दोन डॉलर आणि स्वल्पविराम होता.

“सगळं गेलं की रे!”

“गेलं नाही मामा. मजकूर आहे, फॉन्ट गेलाय.”

“मजकूर आहे तर दिसत का नाही?”

“दिसायला फॉन्ट लागतो.”

“म्हणजे बँकेत पैसे आहेत पण काढता येत नाहीत, असं?”

“असंच.”

“हे आधी सांगायचं ना,” मामा एकदम शांत होत म्हणाले. हा विषय त्यांना माहीत होता.

फॉन्ट मिळाला सायबर कॅफेतल्या मुलाकडूनच. आणि विंडोजच्या मूळ सीडीचा पेच सुटला तो शेजाऱ्यांच्या हार्डवेअरवाल्यामुळे. त्याची स्केचपेनवाली सीडी घातली, आणि ज्या फायली ओरिजिनल सीडी देत नव्हती त्या तिने खळखळ न करता दिल्या. मामा दारात उभे. हयातीत त्यांनी बँकेचा पेनही घरी आणला नव्हता.

“ही चोरीची आहे का?”

“कॉपी आहे, काका,” हार्डवेअरवाला म्हणाला.

मामांनी बराच वेळ विचार केला. “बरं,” ते म्हणाले, “फक्त मराठीपुरती घाल. इंग्रजी आपलं ओरिजिनलच राहू दे.”

रविवारचं स्थळ जुळलं नाही, पण त्यात बायोडाटाचा दोष नव्हता.

दिवाळीच्या सुमारास डोंबिवलीला गेलो होतो. मामा आंघोळीला गेले होते आणि कॉम्प्युटर चालू होत होता. फराळाचं ताट संपलं तेव्हा गजानन महाराज दिसू लागले. त्यांचा चेहरा सोडून बाकी सगळीकडे आयकॉन होते. ‘न्यू फोल्डर’ होते. ब्राउझरच्या माथ्यावर तीन टूलबार चढले होते, त्यातला एक हवामान सांगत होता, कुठल्या गावाचं ते कळत नव्हतं. कोपऱ्यातलं अँटिव्हायरस आपली मुदत संपल्याचं दर पाच मिनिटांनी सांगत होतं आणि मामी त्याला दर वेळी “हो, हो” म्हणत होत्या. मामा पंचा झटकत बाहेर आले, पडद्याकडे बघितलं, आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले,

“बघ. आता झाला पहिल्यासारखा.”